डावीकडच्या सीटचा तास

६ फेब्रुवारी

आज पुन्हा सगळे हसले. वैमानिक शाळेच्या कँटीनमध्ये बसून मी लॉगबुकात उड्डाणाची वेळ लिहीत होते — सत्तावन्न मिनिटं. दादाने मान वळवून पाहिलं. "अगं, सरळ तास लिही की! तीन मिनिटांनी काय विमान पडणार आहे?" मग सगळ्या टेबलाला उद्देशून, "ही आमची दशांश. पूर्णांकात मावतच नाही!"

हे नाव आता चिकटणार. दादाने ठेवलेली नावं चिकटतातच. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला त्याने 'रेडिओ' म्हटलं, तर आता शिक्षकही तेच म्हणतात. (ती झोपेतही बंद होत नाही, हे मात्र खरं.)

उत्तरं मला खोलीवर आल्यावर सुचतात. आजचं असं : इंजिन सुरू झालं म्हणजे उड्डाण सुरू झालं असं नव्हे. उड्डाणासाठी विमान स्वतःच्या शक्तीने पहिल्यांदा हलतं, तिथून वेळ मोजायची. आणि उतरल्यावर ते शेवटचं थांबतं, तिथे संपवायची. हँगरमधून चौघांनी ढकलत बाहेर आणलं, तो वेळ धरायचा नाही. तेल तापण्याची वाट पाहत उभे राहिलो, तोही नाही. इतकं सोपं आहे. पण ही चार वाक्यं कँटीनमध्ये बोलायची, तर मला चार जन्म लागतील.

७ फेब्रुवारी

लॉगबुक मला आवडतं. त्यात विशेषणं नाहीत. तारीख, विमानाचा क्रमांक, कुठून, कुठे, किती वेळ, कमांडर कोण. रिकाम्या चौकटीत आडवी रेघ. चूक झाली तर खोडून काळं करायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. लहानपणी शाळेतल्या बाई निबंधाच्या वह्या अशाच तपासायच्या.

विशेषणांसाठी ही वही.

हिशेब मात्र इथेही मांडून ठेवते. व्यावसायिक परवान्यासाठी मला कमांडचे चार तास अजून हवेत — म्हणजे ज्या उड्डाणाची कमांडर मी, असे तास. लेखी परीक्षेचा निकाल या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेपर्यंतच ग्राह्य आहे. तोवर अर्ज गेला नाही, तर सगळे पेपर पुन्हा. मी पहिली आले होते. दुसऱ्यांदा पहिलं येण्यात काहीही अर्थ नाही.

९ फेब्रुवारी

इथली एक पद्धत लिहून ठेवण्यासारखी आहे. ज्यांच्याकडे खाजगी परवाना आहे, अशा दोघांना शाळा एकत्र पाठवते. एक जण चालवतो, दुसरा बाहेर लक्ष ठेवतो. फळ्यावर दोघांची नावं लागतात. कमांडर कोण, ते कुणीच लिहीत नाही. 'डावीकडे बसेल तो', असं तोंडी चालतं. आणि परत आल्यावर कँटीनमध्ये चहा पिताना तास वाटून घेतात — मित्रांनी बिल वाटून घ्यावं तसे. "जातानाचा तुझा, येतानाचा माझा." "बरं, पण परवाचा तू खाल्लास!"

नियम वेगळं सांगतो. एका उड्डाणाला कमांडर एकच, आणि तो विमान हलण्याआधी ठरलेला असला पाहिजे. हे मी तीनदा वाचलं आहे आणि कुणालाही एकदाही सांगितलेलं नाही.

परवा माझी जोडी दादाबरोबर. दादा म्हणजे मावसभाऊ. मी विमान चालवायला शिकणार म्हटल्यावर घरात जी शांतता पसरली, ती त्यानेच मोडली होती. "मावशी, मी आहे ना तिच्याबरोबर," असं आईला म्हणाला, आणि आईने डोळे पुसून माझी बॅग भरायला घेतली. त्याची वीस तारखेला विमान कंपनीत मुलाखत आहे. होणारच त्याचं. तो खोलीत शिरला की खोली त्याची होते. मी शिरले तर दारसुद्धा वाजत नाही.

११ फेब्रुवारी

उद्या लिहीन. दोघंही सुखरूप आहोत.

१२ फेब्रुवारी

क्रमाने लिहिते.

जाताना हवा स्वच्छ होती. दादा डावीकडे, मी उजवीकडे. दुसऱ्या विमानतळावर उतरलो, इंधन भरलं. परतीच्या आधी मी हवामानाचा कागद वाचला. संध्याकाळी आपल्याकडे धुरकं दाटणार, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी म्हटलं, "दादा, दृश्यमानता कमी होणार आहे. आज इथेच राहायचं का?" बहुधा फार हळू म्हटलं.

"अगं, तासाभराची वाट. दिवे लागायच्या आत घरी! आणि तू दृश्यमानता म्हणालीस ना, की मला पेपर लिहायला बसल्यासारखं वाटतं."

मी हसले. हसायला नको होतं.

अर्ध्या वाटेवर जमीन पुसट झाली. मग क्षितिज गेलं. वर, खाली, समोर, सगळीकडे मळक्या काचेचा एकच रंग. केवळ उपकरणांवर उडण्याचा परवाना आमच्यापैकी कुणाकडेच नाही. फक्त उपकरणं दिसतील अशी झापडं डोळ्यांवर लावून सराव केला आहे, तेवढंच. दादा बाहेर शोधत होता — काचेला कपाळ लावून. विमान डावीकडे कलत होतं आणि त्याला ते जाणवत नव्हतं. शरीराला ते जाणवत नाहीच, असं पुस्तकात आहे. उंचीचा काटा उतरत होता, वेगाचा चढत होता. मी म्हटलं, "दादा, पंख." त्याने वर घेण्यासाठी कंट्रोल मागे ओढलं. वळण आणखी आवळलं. वेग वाढला.

तेव्हा मी म्हणाले, "आय हॅव कंट्रोल."

हे ठरलेलं वाक्य आहे : विमान आता मी चालवते. ठरलेली वाक्यं मला बोलता येतात. बिनतारी संदेशात मी कधी अडखळत नाही ते त्यामुळेच. स्वतःचं वाक्य बनवायचं असतं, तर अजून बनवत बसले असते. दादाने हात काढले. 'यू हॅव कंट्रोल' हे त्याचं ठरलेलं उत्तर आलं नाही.

पॉवर कमी. पंख समतल. मग नाक वर. नजर फक्त काट्यांवर. मग अगदी हलकं वळण — आलो होतो तिकडे, जिथे हवा स्वच्छ होती. टॉवरला कळवलं. दादा एकदाच बोलला : "बरोबर चाललंय." आवाज त्याचा वाटला नाही.

उजव्या सीटवरून मी कधी विमान उतरवलेलं नाही. टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, आणि उजवं चाक कडेला गेलं. धावपट्टीच्या काठचा एक दिवा फुटला, चाकाचं आवरण चेपलं. बस, एवढंच.

विमान थांबलं. मी घड्याळ पाहिलं आणि वेळ टिपून ठेवली. निघाल्यापासून एक तास आठ मिनिटं. कुणी हसू नये — हात आपोआप गेला.

आज बसने परतलो. विमान तिकडेच, दुरुस्तीसाठी. आता अहवाल द्यावा लागेल, आणि अहवालातला पहिला प्रश्न एकच असतो : कमांडर कोण?

१३ फेब्रुवारी

दादाने कँटीनच्या मागे बोलावलं. आज चेष्टा नाही, नाव ठेवणं नाही.

"परतीचा तास तुझा."

मी हातातला कप कट्ट्यावर ठेवला.

"उतरवलंस तूच. मी नाही म्हणतोय का? जातानाचा माझा, येतानाचा तुझा. आपली पद्धतच आहे ती. तुला तास हवेतही." मग खाली पाहत, "खरं सांगू? तू नसतीस तर —" वाक्य तिथेच सोडलं. डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

थोड्या वेळाने म्हणाला, "वीस तारखेला शाळेचा स्वच्छ दाखला द्यावा लागतो गं. तुला त्या दिव्याबद्दल कुणी दोन शब्द बोलेल, संपलं. माझं मात्र वर्ष जाईल."

मी म्हटलं, "बघते."

'बघते' हा माझा खास शब्द. भित्र्या माणसाचा होकार आणि भित्र्या माणसाचा नकार, दोन्ही त्यात राहतात.

तो तास मला हवा आहे. सोमवारी मोठे कॅप्टन आमची लॉगबुकं तपासून सही करणार. 'कमांड' या शब्दाखाली एक तास आठ मिनिटं. माझ्या हातांनी केलेलं इतकं मोठं काम दुसरं कुठलंही नाही.

१४ फेब्रुवारी

आईचा फोन. मी हॅलो म्हणायच्या आतच, "अगं, विमान उतरवलंस म्हणे तू! दादाने स्वतः मावशीला फोन करून सांगितलं, तिने मला!" मागून बाबा : "तिला विचार, ब्रेक कुठे असतो त्याला?" आई : "तुम्ही थांबा हो! — दादा म्हणाला, तो तास वहीत तुझ्याच नावावर लावणार. बघ, किती मोठं मन पोराचं."

"हो," म्हणाले. "ब्रेक पायात असतो, सांग बाबांना."

आई इतकी आनंदात होती की धुरक्याचा विषय काढवलाच नाही.

१५ फेब्रुवारी

सबंध रविवार नियमाचं तेच पान पुढ्यात. रेडिओ म्हणाली, "पाठ झालं असेल तर आता म्हणून दाखव."

कंट्रोल कुणाच्या हातात होतं आणि कमांड कुणाची होती, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आई आजारी असताना स्वयंपाक मी करायचे. घर त्यामुळे माझं झालं नव्हतं. निघायचं की नाही, हा प्रश्न ज्याचा, तो कमांडर. मला तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. उलट मीच विचारला आणि तो हसण्यावारी गेला. हसण्यात मीही होते.

तरी एक गोष्ट टोचते आहे. परत वळायचं मी ठरवलं होतं. तेवढी मिनिटंही माझी नाहीत का? नियम यावर गप्प आहे. उड्डाणाचे तुकडे करता येत नाहीत.

आणि तो तास मी घेतला, तर त्याबरोबर निघण्याचा निर्णयही माझ्याच नावावर येईल. कागदोपत्री असं राहील, की हवामानाचा इशारा वाचून, समजून, मी निघाले. जन्मात केलं नाही ते धाडस माझ्या खात्यावर!

संध्याकाळी हँगरमध्ये दादाला गाठलं. वाक्य खोलीवरून बनवूनच नेलं होतं. "दादा, तो तास तुझा आहे."

"म्हणजे दिवाही माझाच?"

"दिवा माझा. तास तुझा."

त्याने हातातल्या फडक्याची घडी केली. मग म्हणाला, "पुस्तकात वाचलंस ना? वाच. आणखी वाच. तुला मी इथे आणलं, ते कुठल्या पुस्तकात होतं गं?"

याचं उत्तर खोलीवर येऊनही सुचलेलं नाही.

१६ फेब्रुवारी

मोठे कॅप्टन म्हणजे शाळेचे मुख्य. चष्मा कपाळावर असतो आणि ते तो टेबलावर शोधत असतात. आज शोधला नाही. दोघांनाही बसा म्हणाले नाहीत.

"कमांडर कोण?"

दादा समोरच्या नकाशाकडे पाहत होता. मी ऐकलं, की कुणीतरी बोलतं आहे, आणि ते मीच होते.

"विमान मी उतरवलं, सर. दिवा माझ्या हातून फुटला. पण निघायचं मी ठरवलं नव्हतं. डावीकडे दादा होता. कमांडर तो."

दादाने नकाशावरून नजर काढली. मग दादा म्हणाला, "हो सर. मी."

त्याला 'नाही' म्हणता आलं असतं. माझ्या शब्दापेक्षा त्याचा शब्द इथे जड आहे. तो म्हणाला नाही.

कॅप्टननी माझं लॉगबुक पुढे ओढलं. "मग तू काय लिहिणार इथे?"

"काही नाही, सर. नियमाने मी प्रवासी होते."

"प्रवासी!" त्यांनी चष्मा खाली घेतला. "प्रवासी असे उतरवायला लागले, तर आमची पोटं कशी भरायची?" आणि जरा थांबून, "वळून परत आणलंस. ते कुठे लिहिशील?"

"माझी वेगळी वही आहे, सर."

त्यांनी लॉगबुक मिटून माझ्याकडे सरकवलं.

निकाल : दादाचं उड्डाण महिनाभर बंद. तोवर किल्ल्यांच्या टेबलावर बसायचं, हवामानाचे कागद द्यायचे, फळा भरायचा. दाखल्यावर या प्रकाराची नोंद राहणार. मला दिव्याबद्दल दोन शब्द. ते योग्यच होते. आणि आजपासून फळ्यावर नवा रकाना — कमांडर. किल्ली टेबलावरून उचलण्याआधी तो भरलेला हवा. कँटीनमधली वाटणी बंद.

१७ फेब्रुवारी

मावशीचा फोन आईला. आईचा मला. "एका तासासाठी गं?" एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

रेडिओने बातमी आणली : "सगळे म्हणतात, तू खरं बोललीस. आणि तुझ्याबरोबर उडायला कुणी तयार नाही."

"मला एकटीनेच उडायचंय."

"तेही म्हणतात सगळे."

२० फेब्रुवारी

आज दादाची मुलाखत होती. तो टेबलावर बसून किल्ल्या देत होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

माझ्याशी तो बोलत नाही. किल्ली टेबलावर ठेवतो, मी उचलते. फळ्यावर माझं पूर्ण नाव लिहितो — अधिकृत, आडनावासकट. 'दशांश' म्हणून चिडवायचा तेव्हा राग यायचा. आता त्या पूर्ण नावाचा येतो.

२४ फेब्रुवारी

एक विमान दुरुस्तीला, म्हणून पाळ्या लांबल्या. तरी दोन उड्डाणं झाली, दोन्ही एकटीने. मिळून दोन तास पंचावन्न मिनिटं. उरले एक तास पाच.

मी पुन्हा बेरीज केली. बरोबर आहे. परतीचा तो तास घेतला असता, तर आज अर्ज गेला असता, वर तीन मिनिटं शिल्लक. दादा म्हणाला होताच — तीन मिनिटांनी काय विमान पडणार आहे!

शेवटची पाळी अठ्ठावीसला, सकाळी आठ ते दहा. नंतरची दुसऱ्या जोडीची. त्यांचीही परीक्षा तोंडावर आहे, मागण्यात अर्थ नाही.

२७ फेब्रुवारी

रेडिओ पलंगावर मांडी घालून बसली. "ऐक. कॅप्टन विसरलेसुद्धा असतील. एक रेघ मार, शेजारी सही कर, तास लिहून टाक. तूच सांगतेस ना, दुरुस्ती अशी करतात म्हणून?"

"चूक असेल तर."

"बाई, तुझ्याबरोबर राहणं म्हणजे शुद्धलेखनाच्या पेपरात राहणं आहे." मग गादीखालून बिस्किटांचा पुडा काढून माझ्यासमोर ठेवला. "खा. उद्या उडायचंय."

हवामानाचा अंदाज : सकाळी धुकं, दहाच्या सुमारास निवळण्याची शक्यता. शक्यता.

२८ फेब्रुवारी, सकाळ

हँगरबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. विमान तपासून झालं. धुकं आहे. धावपट्टीपलीकडची पाण्याची टाकी दिसली की निघता येतं, असा इथला जुना अंदाज. टाकीचा वरचा कठडा मघाशी दिसला, पुन्हा गेला. आठ पंचावन्नच्या आत निघाले नाही, तर एक तास पाच मिनिटं बसत नाहीत.

आत गेले. दादाने हवामानाचा ताजा कागद माझ्याकडे फिरवून ठेवला. आकडा नियमात बसतो आहे. जेमतेम. म्हणजे निघाले तर कुणी मला अडवू शकत नाही. उलट, न निघण्याचं कारण मलाच द्यावं लागेल.

किल्ली त्याने टेबलाच्या मधोमध ठेवली, पण हात तिच्यावरून काढला नाही. खडू दुसऱ्या हातात. बारा दिवसांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

"निघायचं?" त्याने विचारलं.

मला वाटलं, तो पुढे काही बोलेल. सल्ला, टोमणा, काहीतरी. बोलला नाही. खरंच विचारत होता. "बाहेर एकदा बघून येते," असं म्हणून इथे आले. टाकी अजून येते आहे आणि जाते आहे. या उत्तरासाठी ठरलेलं वाक्य नाही.

२८ फेब्रुवारी, दुपार

"नाही," म्हणाले. इतक्या मोठ्याने, की हँगरमधल्यांनी वळून पाहिलं.

साडेदहाला लख्ख ऊन पडलं. पुढची जोडी गेली आणि मजेत परतही आली. माझी मुदत संपली. सगळे पेपर पुन्हा.

दादाने किल्ली खिळ्याला टांगली आणि फळा भरला. कमांडर : दशांश. उड्डाण : रद्द, कमांडरच्या निर्णयाने. वेळ : शून्य.

खडूचे हात झटकत म्हणाला, "मावलीस एकदाची पूर्णांकात."